पाटाला अस्तर: आधी माती बघा, मग सामान

भाऊ, काळ्या जमिनीतल्या पाटाचं पाणी झिरपू नये म्हणून आतून अस्तर कसं करायचं, असं विचारलंत. सगळा पाट एकदम करायला जाऊ नका. आधी पाणी सोडून चालत जा. बांधाबाहेर ओल फुटते तेवढाच तुकडा या हंगामात घ्या.

तुमची जमीन काळी, म्हणून नुसतं काँक्रीट नको. ही माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. पातळ थर पहिल्याच उन्हाळ्यात तडकतो. माझा तडकलाय, दोनदा! खाली चोपून मुरूम घाला, मगच विटा किंवा फरशी. माती-सिमेंटचा गिलावा स्वस्त, पण तो वाळूसर जमिनीत टिकतो, काळीत नाही.

सर्वांत स्वस्त म्हणजे प्लास्टिक कागद. नवे लोक इथेच चुकतात:

- कागद उघडा ठेवतात. उन्हानं तो कडक होऊन फाटतो. वर वीतभर माती हवीच.
- खालचे खडे, धसकटं वेचत नाहीत.
- काठ उभे ठेवतात, मग वरची माती घसरते. एकास दीड उतार द्या, म्हणजे एक फूट उंचीला दीड फूट आडवं.
- कडा बांधात पुरत नाहीत. पाणी मागून शिरतं.

शेततळ्याच्या ५०० मायक्रॉन (अर्धा मिलीमीटर) जाड कागदाचा उरलेला तुकडा कुणाकडे मिळाला तर सोडू नका. जोड देताना पाणी येतं त्या अंगाचा कागद पाणी जातं त्या अंगाच्या कागदावर चढवा.

खेकड्यांची बिळं मात्र आधी बुजवा.