मुखपत्र, सरकारी की सरकारधार्जिणं?

प्रश्न असा आहे: श्रीलंकेतल्या ‘डेली न्यूज’विषयीच्या एका लेखाचं मराठी भाषांतर चाललंय. या दैनिकाला ‘मुखपत्र’ म्हणावं, ‘सरकारी वृत्तपत्र’ म्हणावं की ‘सरकारधार्जिणं’? तिन्ही शब्द एकाच अर्थाने चालतील का?

चालवतात खरे. पण तिघांचं काम वेगळं आहे.

आधी ‘धार्जिणा’ बघू, कारण गंमत तिथे आहे. आमची आजी म्हणायची, “काळी म्हैस आपल्या घराला धार्जिणी नाही.” कुणाला नोकरी धार्जिणी नसते, कुणाला घाटावरची हवा. म्हणजे धार्जिणी असते ती वस्तू, आणि मानवते, लाभते ती दुसऱ्या कुणाला तरी. त्या हिशोबाने सरकारधार्जिणं वर्तमानपत्र म्हणजे सरकारला लाभणारं. गोठ्यात ते कुणाच्या बांधलंय, याविषयी हा शब्द चकार काढत नाही. उलट मालक खासगी असेल तेव्हाच तो बोचतो. ‘लोकराज्य’ला कुणी सरकारधार्जिणं म्हटलेलं ऐकलंय? ते राज्य सरकारचंच मासिक, सरकारची बाजू मांडणार नाही तर काय करणार!

‘मुखपत्र’ची गोष्ट निराळी. तोंड म्हटलं की धड आलं, आणि त्या धडाने ‘हे तोंड माझं’ असं उघड म्हणायला हवं. ‘सामना’ शिवसेनेचं मुखपत्र, यात लपवाछपवी नव्हती आणि शिवीही नव्हती. आता कुणालाही टोमणा मारायला हा शब्द वापरतात. म्हणून खऱ्या मुखपत्राला ‘अधिकृत मुखपत्र’ म्हणायची पाळी आलीये.

‘सरकारी’ हा मात्र मालकीचा शब्द. आपल्याकडे अंकाच्या तळाशी मुंगीएवढ्या टायपात ‘मालक अमुक यांच्यासाठी मुद्रक व प्रकाशक तमुक यांनी छापून प्रसिद्ध केले’ अशी ओळ असते ना, तिथे उत्तर मिळतं. त्याच ओळीत मालकाखेरीज संपादकाचंही नाव असतं. या दोन नावांमध्ये किती अंतर राहतं, त्यालाच आपण संपादकीय स्वातंत्र्य म्हणतो.

आता ‘डेली न्यूज’. डी. आर. विजयवर्धने यांनी ते 1918 साली कोलंबोत सुरू केलं. बैरा तलावाकाठच्या इमारतीवरून ते काढणाऱ्या प्रकाशनसंस्थेला सगळे ‘लेक हाऊस’ म्हणतात. ती ताब्यात घ्यायचा घाट सिरिमावो बंडारनायके यांच्या सरकारने 1964 मध्ये घातला, तेव्हा स्वपक्षातलेच लोक फुटले आणि डिसेंबरात ते सरकार संसदेत एका मताने हरलं. त्या 1970 मध्ये मोठ्या बहुमताने परतल्या आणि 1973 मध्ये कायदा करून संस्थेचे 75 टक्के भाग (शेअर) ‘पब्लिक ट्रस्टी’ या सरकारी अधिकाऱ्याच्या नावावर गेले. बोली अशी, की हे भाग पुढे जनतेत वाटायचे, मालकी पसरवायची. वाटप काही झालं नाही.

सरकारं बदलली. 1977 मध्ये आलेले जयवर्धने हे विजयवर्धन्यांचे सख्खे भाचे. पुढे अनेकदा पंतप्रधान आणि 2022 मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेले रनिल विक्रमसिंघे हे तर विजयवर्धन्यांच्याच लेकीचे चिरंजीव. मामाचं, आजोबांचं घर हातात येऊनही कुणी ते मोकळं सोडलं नाही. नवं सरकार आलं की नवं संचालक मंडळ, आणि मग अग्रलेखाचा सूरही नवा.

म्हणून ‘सरकारधार्जिणं’ मला इथे अपुरं वाटतं. त्यातून एखाद्या ठरावीक सरकारशी जडलेलं सूत सुचतं. इथे सरकार कुठलंही चालतं, खुर्चीवर असलं की झालं. त्याला ‘सत्ताधार्जिणं’ हा नेमका शब्द. योगायोग बघा, याच घरातल्या सिंहली दैनिकाचं नाव ‘दिनमिण’, म्हणजे आपला दिनमणी, आणि तमिळ दैनिकाचं ‘तिनकरन’, म्हणजे दिनकर. दोन्ही सूर्यच. उगवत्याला नमस्कार घालायची सोय घरातच!

तर भाषांतरात पहिल्या उल्लेखाला ‘सरकारी मालकीचं दैनिक’ लिहा. त्यात टीका नाही, नुसती वस्तुस्थिती आहे. लेखकाला झुकाव दाखवायचा असेल तिथे ‘सत्ताधार्जिणं’. ‘मुखपत्र’ मूळ लेखात टोमणा म्हणून आलं असेल तरच ठेवा, आणि तेही अवतरणात.

जाता जाता: ‘सरकार धार्जिणे’ असं तोडून लिहू नका, तो समास आहे. आणि तो विशेष्याप्रमाणे बदलतो: सरकारधार्जिणा संपादक, सरकारधार्जिणी बातमी, सरकारधार्जिणे मथळे.