वाळूच्या किनाऱ्यावरील वस्तीचा जुना खास अग्निशमन बंब बदलताना साधा मोठा बंब घेतला तर चालेल का?

नाही, जेथे पोहोचण्याचा रस्ता वाळूतूनच जातो तेथे सर्व चाकांना शक्ती मिळणारा आणि तुलनेने हलका बंबच घ्यावा, मग त्यात पाणी कमी मावले तरी चालेल. एक लिटर पाण्याचे वजन सुमारे एक किलो असते, त्यामुळे 4000 लिटरची टाकी एकटीच चार टनांचा भार टाकते आणि मोकळ्या वाळूत चाके रुततात. मागील बाजूस जोडचाकांऐवजी (प्रत्येक बाजूला शेजारी-शेजारी दोन चाके) रुंद एकेरी चाके मागावीत, कारण ती पुढच्या चाकांच्या चाकोरीतूनच जातात. जोडचाकांना मात्र नवी वाळू कापावी लागते. टायरमधील हवा कमी केल्याने जमिनीवरील दाब विभागला जातो, परंतु त्याच हवेवर डांबरी रस्त्यावर वेगाने जाणे धोक्याचे असल्याने हवा भरण्याची सोय गाडीतच असावी. नुसते वय पाहून बदलाचा निर्णय घेऊ नये: खाऱ्या हवेने चासी (गाडीचा सांगाडा), ब्रेकच्या नळ्या आणि विजेच्या जोडण्या लवकर गंजतात, त्यामुळे कागदोपत्री तरुण गाडीही निकामी झालेली असू शकते. अपवाद एवढाच, की वस्तीपर्यंत पक्का रस्ता झाला असेल, तर साधा बंब आणि सोबत वाळूत चालणारी एखादी लहान गाडी पुरते.