बोजोले नुव्हो घ्यावी का?

घ्या, पण एखादीच बाटली, आणि साठवायला अजिबात नाही. फ्रान्सची ही कोवळी रेड वाइन नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते, त्याच वर्षी तोडलेल्या गामे द्राक्षांची. अख्खे घोस न चिरडता कार्बन डायऑक्साइडने भरलेल्या टाकीत ठेवतात. आंबण्याची सुरुवात दाण्याच्या आतच होते. त्यामुळे फळांचा वास भरभरून उतरतो, तुरटपणा मात्र कमी. म्हणूनच ती लगेच पिता येते, आणि म्हणूनच फार टिकत नाही. १२-१३ अंशांपर्यंत गार करून प्या, काही महिन्यांत संपवा. दुकानात गेल्या वर्षीची स्वस्तात दिसली तरी हात लावू नका.

विमानाने आलेल्या बाटलीत भाड्याचेही पैसे जातात. मी तर म्हणेन, थोडे जास्त घालून मॉरगाँ किंवा फ्लरी घ्या. बोजोले भागातल्या दहा क्रूंपैकी, म्हणजे वरच्या दर्जाच्या द्राक्षपट्ट्यांपैकी, ही दोन. द्राक्ष तेच गामे, पण वाइनला खरी खोली आहे. चांगल्या वर्षाची मॉरगाँ काही वर्षं ठेवताही येते.

फ्रान्सच्याच बॉर्दो भागातल्या कोवळ्या, महागड्या रेड वाइनच्या वाटेला मात्र सध्या जाऊ नका. तिचा तुरटपणा नरमायला वर्षं लागतात.