४१६००१ ही मूळ संख्या आहे का?

प्रश्न : माझी मुलगी शाळेत मूळ संख्या शिकत आहे. कोल्हापूर शहराचा एक पिनकोड ४१६००१ आहे. त्याला तिने २, ५, ७, ११ आणि १३ ने भागून पाहिले. प्रत्येक वेळी बाकी उरली, म्हणून ही मूळ संख्याच असावी, असे तिचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का?
— एक पालक, कोल्हापूर

उत्तर : मुलीची चिकाटी मनापासून आवडली, परंतु तिच्याकडून ३ हा भाजक राहून गेला. ४, १, ६ आणि १ यांची बेरीज १२ येते. तिला ३ ने भाग जातो, म्हणून ४,१६,००१ लाही जातो आणि भागाकार १,३८,६६७ येतो. आता या संख्येकडे नीट पाहावे. तेविसाच्या पाढ्यातले अडतीसासे, म्हणजे १३८, सुरुवातीलाच दिसतात आणि मागे उरलेले ६६७ म्हणजे २३ गुणिले २९; तेव्हा १,३८,६६७ = २३ × ६,०२९. यातील ६,०२९ मात्र मूळ संख्या आहे, आणि ते पडताळण्यासाठी ७३ पर्यंतच्याच मूळ संख्यांनी भागून पाहणे पुरेसे आहे, कारण ७८ चा वर्ग ६,०८४ होतो.

म्हणजे ४,१६,००१ ही संयुक्त संख्या ठरते. तिचे ३, २३ आणि ६,०२९ हे तिन्ही मूळ अवयव एकेकदाच येतात, म्हणून ती वर्गमुक्तही आहे. मला अधिक मोलाचे वाटते ते पुढचे वर्गीकरण. संख्येला स्वतःला वगळून उरणारे १, ३, २३, ६९, ६,०२९, १८,०८७ आणि १,३८,६६७ हे विभाजक मिळवले, तर बेरीज १,६२,८७९ भरते. ती संख्येहून कमी असल्यामुळे ही न्यून संख्या होय. याउलट शिवाजी विद्यापीठाच्या ४१६००४ या पिनकोडाचा निम्मा, तिसरा आणि सहावा भाग मिळूनच ४,१६,००४ होतात, शिवाय चौथा भाग १,०४,००१ आहेच. म्हणून ती विपुल संख्या आहे.

बेरीज संख्येइतकीच भरली, तर तिला परिपूर्ण संख्या म्हणतात. ६, २८, ४९६ आणि ८,१२८ यांच्यानंतरची परिपूर्ण संख्या थेट ३,३५,५०,३३६ आहे. १५ ऑगस्ट १९७२ पासून वापरात असलेला पिनकोड सहा अंकीच असतो, त्यामुळे देशातील कोणताही पिनकोड परिपूर्ण संख्या असू शकत नाही.