पहिली फ्लाइट, उलटी आणि सिम्युलेटर

तुझे चार प्रश्न एकदमच घेतो. येत्या सोमवारी सेसना 152 या दोन सीटच्या शिकाऊ विमानावर पहिली फ्लाइट आहे, एसटीत घाट लागला की तुला उलटी होते, कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरवर ढीगभर उडवलंयस तर त्याचा काही उपयोग होईल का, आणि आईला बघायला आणू का. मी 2009 ला धुळ्यात गोंदूरच्या धावपट्टीवर शिकलो आणि गेली काही वर्षं स्वतः शिकवतोय, म्हणजे डाव्या (विद्यार्थ्याच्या) सीटवरची भीती पण माहितीये आणि उजव्या (इन्स्ट्रक्टरच्या) सीटवरची पण.

उलटीचं आधी सांगतो, कारण माझी झालेली. पहिल्या दिवशी नाही, तिसऱ्या. एप्रिल महिना, सकाळचा स्लॉट हुकला आणि साडेअकराला उडालो, खाली काळी जमीन तापलेली, गरम हवेचे फुगवटे वर येत होते आणि विमान बैलगाडीसारखं दणादण. आदल्या रात्री शेवभाजी हाणलेली ती वेगळीच. तर उपाशी जाऊ नकोस, रिकाम्या पोटी जास्त मळमळतं, दोन तास आधी पोहे किंवा पोळी असं साधं काहीतरी खा, पाणी पी आणि विमानाकडे जायच्या आधी बाथरूमला जाऊन ये (हसू नको, कॉकपिटात हे फार महागात पडतं). उलटीची पिशवी मागून घे आणि मांडीखाली ठेव, ती हाताशी असली की निम्मी मळमळ तशीच जाते. एसटीच्या प्रवासाला घेतो ती ॲव्होमिनसारखी गोळी मात्र आपल्या मनाने घेऊन उडू नकोस, तिने झोप येते, मेडिकल केलेल्या डॉक्टरांना विचार. आणि मळमळायला लागलं की लगेच सांग. आम्हाला राग येत नाही, विमान धुवायला लागलं की येतो. हवेचा व्हेंट उघडायचा, नजर लांब क्षितिजावर ठेवायची, कंट्रोल स्वतःच्या हातात मागायचे. गाडी चालवणाऱ्याला कधी गाडी लागते का? तसंच आहे ते.

आता दिवस कसा जाईल ते. पहिला अर्धा-पाऊण तास जमिनीवरच जाणार. तुझं वजन विचारतील, खरं सांग. 152 चं कमाल वजन 757 किलो, त्यात दोन धडधाकट माणसं आणि फुल टँक झाली की फारसं काही उरत नाही. मग विमानाभोवती फेरी. टाकीच्या खालून थोडं पेट्रोल काढून बघतात, ते निळसर दिसतं आणि तळाला पाणी साठलंय का ते बघायचं असतं. ऑइलची पट्टी, टायर, फ्लॅपचे (पंखाच्या मागच्या खाली वळणाऱ्या पट्ट्यांचे) सांधे, वेग मोजणाऱ्या पिटो ट्यूबचं कव्हर काढलंय ना. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटं भोक दिसेल, त्यावर स्वच्छ रुमाल ठेवून तोंडाने हवा ओढली की भोंगा वाजतो. विमान स्टॉलच्या जवळ गेलं, म्हणजे पंख विमान उचलून धरायचं सोडायला आले, की हाच वाजतो. लँडिंगला चाकं टेकायच्या जरा आधी पण वाजेल तेव्हा दचकू नकोस, तिथे तो वाजायलाच पाहिजे. ही फेरी कंटाळवाणी वाटली तरी इन्स्ट्रक्टरच्या मागे मागे फिर आणि बिनधास्त प्रश्न विचार, वर गेल्यावर आवाजात अर्धं डोक्यावरून जातं.

इंजिन चालू झालं की टॅक्सी, म्हणजे जमिनीवरून धावपट्टीपर्यंत विमान नेणं, आणि इथे सगळ्यांची फजिती होते, तुझीही होणार. जमिनीवर विमान पायाने, रडरच्या पेडलने वळतं, हातातलं योक स्टिअरिंगसारखं कितीही फिरवलं तरी काही होत नाही, आणि आपण सगळे स्कूटी नाहीतर कार शिकून आलेलो असतो. मी पिवळ्या रेषेवर असा नागमोडी गेलो की मागून माझे सर म्हणे (सर बाजूलाच होते पण मला ते मागूनच आल्यासारखं वाटलं), "साक्रीचा रस्ता नाहीये हा, खड्डे चुकवू नको." दोन-तीन फ्लाइटमध्ये पाय आपोआप शिकतात. धावपट्टीच्या आधी 1700 आरपीएमला मॅग्नेटो चेक होतो, किल्ली एका बाजूला केली की इंजिनचा आवाज थोडा पडतो. बिघाड नाही तो, स्पार्क देणाऱ्या दोन वेगवेगळ्या यंत्रणा आहेत, त्यातली एक मुद्दाम बंद करून बघतात.

टेकऑफ बहुतेक इन्स्ट्रक्टरच करतील, तुझे हात-पाय कंट्रोलवर हलके ठेवायला सांगतील. पूर्ण पॉवर दिली की नाक डावीकडे ओढलं जातं म्हणून उजवा पाय दाबावा लागतो. 50 नॉटला, म्हणजे ताशी 93 किलोमीटरच्या आसपास, नाक उचलतात. वेग काही नाही गं तो, पण तिथून पुढे जमीन खाली जाते ना, त्याची कल्पना देता येत नाही. इंजिन फक्त 110 हॉर्सपॉवरचं, मधल्या साइजच्या कारएवढंच, त्यामुळे उन्हाळ्यात रॉकेटसारखं वर जाईल अशी अपेक्षा ठेवू नकोस. हवा 40 अंशाला असेल तर समुद्रसपाटीवरही विमानाला आपण 3000 फुटांवर असल्यासारखं वाटतं, हवा विरळ, इंजिनचा दम कमी, पंखांचाही कमी. म्हणून सांगतो, चॉइस असेल तर पहाटेचाच स्लॉट माग.

वर गेल्यावर खरा धडा. सर म्हणतील "यू हॅव कंट्रोल", तू मोठ्याने "आय हॅव कंट्रोल" म्हणायचं, नुसती मान हलवायची नाही, कारण विमान कोणाच्या हातात आहे याबद्दल अर्धा सेकंदही घोळ नको. आणि इथेच तुझ्या सिम्युलेटरचा विषय येतो. फायदा होतो, कुठलं घड्याळ कुठे ते माहीत असतं. पण सिमवाली पोरं डोळे पॅनेलमध्ये खुपसून बसतात, उंचीची सुई 50 फूट खाली गेली की ओढ, वर गेली की ढकल, आणि सुई तर उशिरा सांगते, मग त्या सुईच्या मागे पळत विमान वरखाली, वरखाली. उलटीचं एक मोठं कारणही हेच. मी तर पॅनेल कागदाने झाकून टाकतो. बाहेर बघ, नाकाची वरची कड आणि क्षितिज यात किती अंतर आहे ते डोळ्यात बसव, तेवढं अंतर राखलं की सुया आपोआप जागेवर राहतात.

दुसरं म्हणजे पकड. मी योक असं धरलेलं की बोटं पांढरी पडलेली. लळिंगचा किल्ला समोर दिसत होता, सरांनी ट्रिम व्हील (योकवरचा जोर काढून टाकणारं छोटं चाक) फिरवून दिलं आणि म्हणाले सोड. काय सोड? हात सोड. मला वाटलं चेष्टा करतायत. सोडला, आणि विमान गेलं की आपलं सरळ, काहीच झालं नाही, मी नव्हतोच जणू. मग माझ्या दोन बोटांमध्ये एक पेन्सिल अडकवली आणि म्हणाले आता धर, आवळलं की पेन्सिल टोचते. अजून माझ्या विद्यार्थ्यांना हेच करतो. नीट ट्रिम केलेलं विमान स्वतःहून उडायला तयार असतं, आपणच त्याला त्रास देतो. पहिल्या दिवशी तेवढं हाताला समजलं तरी खूप झालं, उंची राखता आली नाही, वळताना नाक खाली गेलं, सरांचा अर्धा रेडिओ कळला नाही, हे सगळं होणारच आहे आणि कोणी मार्क देत नाहीये. रेडिओवर बोलायचंही नाहीये तुला.

इंजिन बंद पडलं तर, हे तू विचारलं नाहीस पण मनात असणार. दगडासारखं पडत नाही. 60 नॉट राखले तर 3000 फुटांवरून साधारण 8 किलोमीटर तरंगत जाता येतं, आणि खाली मोकळं शेत शोधायला तुला लवकरच शिकवतील.

किरकोळ: पातळ तळव्याचे बूट घाल, रडर जाणवला पाहिजे. गॉगल पोलराइज्ड नको, स्क्रीन काळ्या दिसतात. आणि अजून क्लास 1 मेडिकल (कमर्शियल पायलटला लागणारी कडक तपासणी) केलं नसशील, फक्त सुरुवातीच्या क्लास 2 वर आली असशील, तर पुढचा मोठा हप्ता भरायच्या आधी ते करून घे, हे मात्र गंभीरपणे सांगतोय. पुढे कमर्शियल लायसन्ससाठी 200 तास उडायचंय, मध्येच डोळ्यांचं वगैरे निघालं तर पैसे परत मिळवताना दमछाक होते.

आईला आण की. फक्त तिला विमानाच्या पंखाखाली लिहिलेली शेवटची दोन अक्षरं आधी पाठ करायला लाव. माझे वडील साक्रीहून पहिल्या एसटीने आले होते आणि कुंपणाशी उभं राहून अर्धा तास दुसऱ्याच पोराच्या विमानाला हात करत होते. मी उतरून शेजारी जाऊन उभा राहिलो तरी त्यांचा हात वरच.