बाळाच्या पहिल्या सहा आठवड्यांचं काय?

प्रश्न : माझ्या सुनेला सातवा महिना चालू आहे. महापालिकेच्या दवाखान्यात तिला धनुर्वाताची दोन्ही इंजेक्शनं झाली. आता तिच्या डॉक्टरीणबाई डांग्या खोकल्याची लस घे म्हणतात. हा तर लहान मुलांचा आजार ना? बाळाला पुढे लस मिळणारच आहे. बाळंतपण निफाडला, तिच्या माहेरी आहे. आणखी एक, आमचे यजमान गेले तीन आठवडे खोकताहेत. त्याचा बाळाला काही त्रास?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, लस घ्यायला सांगा, आणि ती निफाडला जायच्या आधीच. बाळाला लस मिळणार हे खरं, पण पहिला डोस सहा आठवडे पूर्ण झाल्यावर मिळतो, पुढचे दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला. डांग्या खोकला जिवावर बेततो तो बहुतेक करून पहिल्या दोन-तीन महिन्यांच्या बाळांच्या. म्हणजे धोका सर्वांत जास्त असतो तेव्हा बाळाकडे स्वतःचं काहीच नसतं. जे असेल ते आईकडून नाळेवाटे आलेलं.

सुनेला दिलेली टीडी धनुर्वात आणि घटसर्पाची. तीत डांग्या खोकल्याचा भाग नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात ती लस म्हणजे टीडॅप, तीत तिन्ही असतात. ती 27 ते 36 आठवड्यांच्या दरम्यान घ्यायची, टीडी झाली असली तरी चालते. आईच्या अंगात आजाराशी लढणारी प्रतिपिंडं तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून नववा लागायची वाट पाहू नका. लशीत जिवंत जंतू नसतो. दंड एक-दोन दिवस दुखेल, क्वचित कणकण वाटेल. ही लस खासगीत पैसे देऊन घ्यावी लागते, पण बारशाच्या खर्चातून तेवढे बाजूला काढाच. पुढच्या खेपेला दिवस राहिले तर पुन्हा घ्यायची.

मागच्या हिवाळ्यात माझ्याकडे पाच आठवड्यांचं बाळ आणलं होतं. त्याला खोकल्याची ढास अशी नव्हतीच. आई सांगत होती, “दूध पिता पिता मधेच श्वास घ्यायचा थांबतो, ओठ निळे पडतात.” घरात कोणाला खोकला आहे का, विचारलं. मामाला होता, बरेच दिवसांचा, पण त्याला ताप नव्हता म्हणून कोणी मनावर घेतलं नव्हतं. बाळाला आयसीयूत ठेवावं लागलं. सुखरूप घरी गेलं, पण त्या आईचा चेहरा मला आजही आठवतो. खोकून खोकून शेवटी श्वास आत ओढताना येणारा तो ‘हूप’ आवाज इतक्या लहान बाळात बहुधा येतच नाही. त्यामुळे श्वास थांबणं, निळं पडणं, दूध सोडणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र असो की पहाट, थेट रुग्णालय गाठा. चाटण, मध, बाळगुटी काही नको. मध तर वर्षाच्या आत देऊच नये. आणि बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी-धुरी या वेळी बंद ठेवा, हे विहीणबाईंना तुम्हीच प्रेमाने सांगा.

आता तुमच्या यजमानांचा खोकला. लहानपणी घेतलेल्या डांग्या खोकल्याच्या लशीचा जोर काही वर्षांनी ओसरतो, एकदा आजार होऊन गेला तरी तो परत होऊ शकतो. मोठ्यांत तो नुसता लांबलेला, रात्री जास्त येणारा खोकला म्हणून राहतो. पण तीन आठवड्यांचा खोकला म्हटलं की आपल्याकडे आधी क्षयाचा विचार करायलाच हवा. दोन आठवड्यांवरच्या खोकल्याला थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. उद्याच पाठवा. डांग्या खोकल्याची शंका आली तर डॉक्टर अ‍ॅझिथ्रोमायसिनसारखं औषध देतील. उशिरा दिलं तर खोकला लगेच जात नाही, पण दुसऱ्याला लागण होणं थांबतं. घरातल्यांनाही, विशेषतः सुनेला, औषध लागेल का हे तेव्हाच विचारा. निदान होईपर्यंत यजमानांनी सुनेजवळ मास्क लावावा. निफाडला जे बाळाला रोज घेणार, त्या आजी, मामी, बाबा यांनी टीडॅप घेतली तर उत्तमच, पण बाळ यायच्या दोन आठवडे आधी. खोकणाऱ्या पाहुण्याने बारशाला पाळण्यापासून लांब राहावं, मग तो कितीही जवळचा असो.

दीड महिन्याची लस नेमकी माहेरी असताना येते आणि “नाशिकला गेल्यावर देऊ” म्हणून मागे पडते. तसं करू नका. लसीकरणाचं कार्ड सोबत द्या, निफाडच्या सरकारी दवाखान्यात तीच पेंटाव्हॅलंट (डांग्या खोकल्यासह पाच आजारांवरची बाळाची लस) मोफत मिळते. रात्री ताप आला तर घाबरू नका, पॅरासिटामॉलचे थेंब किती द्यायचे ते तिथल्या नर्सताईंकडून लिहून घ्या.