दाराची मूठ

प्रश्न : मुलाच्या आग्रहावरून मी 'द एक्झिट ८' हा तासाभराचा व्हिडिओ भयखेळ खेळले. त्यात हाणामारी नाही, पडका वाडा नाही. तरीही दुसऱ्या दिवशी आमच्या इमारतीचा रोजचा जिना उतरताना जीव घाबराघुबरा झाला. एवढ्या साध्या खेळात भीती नेमकी कुठे असते?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : रोजच्या वाटेवरून डोळे उघडे ठेवून चालायचे, पण पाहायचे काहीच नाही, ही आपणा सर्वांची वाईट सवय आहे आणि हा खेळ तिलाच हात घालतो. कोटाके क्रिएट या जपानी निर्मात्याने २०२३ च्या नोव्हेंबरात तो आणला. पांढऱ्या फरश्यांचा एक भुयारी मार्ग, भिंतीवर जाहिराती, समोरून येणारा एक माणूस, एवढाच त्याचा पसारा. तोच मार्ग पुन्हा पुन्हा समोर येतो; त्यात काही वेगळे दिसले तर मागे फिरायचे, नाहीतर पुढे जायचे. सलग आठ वेळा निर्णय बरोबर आला की बाहेरची वाट सापडते, आणि एकदा चुकले की फलकावर पुन्हा शून्य येते.

माझ्या मते खरी धास्ती त्या शून्यात आहे, कारण आपले काय पाहायचे राहिले हे खेळ सांगत नाही. जाहिरातीतला चेहरा बदलला होता, की दिवे, की आणखी काही, याचा उलगडा न होताच पुन्हा त्याच मार्गाने चालावे लागते, आणि मग जे जसेच्या तसे आहे त्याचाही संशय येऊ लागतो. आपल्या जिन्यावर हाच संशय आपल्याबरोबर उतरला असावा. तो जिना आपण इतकी वर्षे पाहिलाच नव्हता, हे आपल्याला तेव्हा पहिल्यांदा जाणवले.

मी खेळत असताना भाचा मागे बसला होता. फलकावर शून्य आले तेव्हा तो म्हणाला, "मामा, दाराची मूठ बघितली नाही तुम्ही?" मूठ कडेला नव्हती, दाराच्या मधोमध होती, आणि मी त्या दारावरून सरळ पुढे गेलो होतो. त्या रात्री मी पणजीतल्या माझ्या कार्यालयाचे दार आठवून पाहिले. अठरा वर्षे ते रोज उघडतो आहे. मूठ डाव्या हाताला की उजव्या, हे काही केल्या सांगता येईना.